'हलाल टूर' असा बोर्ड लावायला परवाना लागतो काय?

रंकाळाकर_४१:
भावांनो, कोल्हापुरात राजारामपुरीत आमचं छोटं ट्रॅव्हल्सचं काम हाय, दोनच गाड्या. मालेगावची २२ माणसांची पार्टी आलीय, पन्हाळा न्यू पॅलेस राधानगरी बघायचंय, जेवण हलाल पायजे, नमाजाला गाडी थांबवायची, लॉजला बार नको. सगळं जमतंय. आता घरात म्हणत्यात बोर्डावर 'हलाल टूर'च लिहून टाका, धंदा वाढंल. पण याला सरकारी शिक्का लागतो काय? उगं लफडं नको.

पांढरा_रस्सा:
कसला शिक्का. खाटकाला विचार, व्हय म्हणाला की वाटी पुढं कर, विषय संपला 😄

केएल_रिटर्न:
तसं नसतंय ओ. मी मलेशियात क्वालालंपूरात हॉटेलात सहा वर्षं काढली. तिकडं हलालचा दाखला फक्त जाकिम हे सरकारी खातं आणि राज्यांची धर्मखाती देतात, २०११ चा तसा कायदाच हाय, आणि गंमत म्हणजे दाखला मिळतो किचनला, अख्ख्या हॉटेलला नाही. रूम, टूर पॅकेज, गाईड यांना २०१५ चं वेगळं स्टँडर्ड, एमएस २६१०, आणि तिथं शब्द वापरलाय 'मुस्लिम फ्रेंडली'. म्हणजे रूमवर किब्ल्याची, म्हणजे नमाजाच्या दिशेची खूण, संडासात पाणी असलं सगळं. इंडोनेशियानं तर २०१४ ला शरिया हॉटेलांचे नियम काढले आणि २०१६ ला परत मागं घेतले, हॉटेलाला हलाल म्हणायचं म्हणजे नक्की काय हे ठरवणं एवढं सोपं नाही.

कोर्टाची_पायरी:
दादा, आपल्याकडं हलाल टुरिझमचा कायदाच नाही. सर्टिफिकेट देतात त्या खाजगी संस्था न् ट्रस्ट. सरकारनं २०२३ ला नियम केला तो फक्त मांसाच्या एक्स्पोर्टचा. त्याच वर्षी नोव्हेंबरात यूपीनं हलाल सर्टिफाईड मालाच्या विक्रीवर बंदी घातली पण तो आदेश तिथला. परवाना नाही म्हणून मोकळं रान असं मात्र समजू नका, बोर्डावर लिहिलं की ती जाहिरात झाली आणि खोटी निघाली तर २०१९ च्या ग्राहक कायद्यात २ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड हाय. किचनला एफएसएसएआयचं, म्हणजे अन्न सुरक्षेचं लायसन तर तसंही लागतंच. माझं ऐकाल तर 'हलाल जेवणाची सोय' लिहा, तेही मटण कुठनं येतं त्याची पावती हातात असंल तरच.

रंकाळाकर_४१:
आत्ताच पन्हाळ्याच्या हॉटेलवाल्याला फोन लावला. मटण ठरलेल्या खाटकाचंच, हलाल. पण रविवारी गर्दी झाली की चिकन मिळंल तिथनं आणतो म्हणाला, अगदी सहज. बोर्ड राहू दे. पार्टीला तेवढं सांगतो, रविवारी मटणच घ्या.