अप्पर वर्ध्यावर जुनी होबी १६: वारा चढला की नाक बुडते

मोर्शीकर:
गोव्याहून जुनी होबी १६ आणली, म्हणजे दोन अरुंद हल (बोटीचे तरंगते सांगाडे) जोडलेली शिडाची बोट. मे महिन्यात दुपारी सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणावर वारा चढला की वारा ज्या अंगाला बोट कलवते त्या अंगाच्या हलचं नाक पाण्यात घुसते. वाऱ्याकडे वळतानाही बोट मधातच अडकते. काय ताणू, काय सोडू?

भंडाऱ्याचा शिडवाला:
भाऊ, आधी डाउनहॉल (शिडाची पुढची कड खाली ओढणारी दोरी) ताण, चांगला जोर लावून. शीड सपाट होते, त्याचं पोट पुढं सरकते, कलणं कमी होते. मेनशीट (मोठं शीड आवळायची दोरी) घट्ट, ट्रॅव्हलर (ती दोरी आडवी सरकवणारा गाडा) बाहेर. वाऱ्यासोबत जाताना दोघंही पार मागं बसा. तेव्हा झोत आला तर वाऱ्याकडे वळू नको, नाक वाऱ्यापासून अजून खाली घे.

वळायचं म्हणशील तर होबी १६ ले सेंटरबोर्ड (पाण्यात खाली सोडायची उभी फळी) नाही, आडवं सरकणं हलच्या आकारानंच थांबते. म्हणून वेग असतानाच वळ. जिब (पुढचं लहान शीड) उलटी भरू दे, नाक वाऱ्याच्या पार झालं की सोड. तेवढा वेळ मेनशीट ढिली.

नवेगावबांधकर:
जुनी आहे तर डोलकाठीच्या ताणतारा हाताच्या बोटानं नाही, फडक्यानं चाचप. तुटका धागा अडकतेच. दोन हल जोडणाऱ्या आडदांड्यांपाशी हल दाबून पाहा, मऊ लागला तर जोराच्या वाऱ्यात नेऊच नको.

आणि दादा, काठावरच्या विजेच्या तारा! डोलकाठी अॅल्युमिनिअमची. होबी कंपनीनं याच धोक्यापायी नंतर तिचं वरचं टोक फायबरग्लासचं केलं, तुझ्या बोटीचं कोणतं आहे ते आजच पाहा. काठी उभी करून बोट तारांखालून ओढायची नाही, कितीही घाई असो. मले याचीच जास्त काळजी वाटते.