बियांपासून कार्नेशन : कोलमडलेल्या रोपांवरून सोसायटीच्या बाग ग्रुपवर झालेली चर्चा

ताई (३०४) : सर्वांना नमस्कार. सोळा दिवसांपूर्वी मी एका उथळ ट्रेमध्ये कार्नेशनच्या ६० बिया पेरल्या होत्या. आठव्या दिवसापासून कोंब दिसू लागले आणि बाराव्या दिवसापर्यंत ४६ रोपे वर आली, त्यामुळे मी निश्चिंत झाले होते. काल सकाळी मात्र सात रोपे मातीलगत मान टाकून आडवी पडलेली दिसली आणि आज ती संख्या १९ वर गेली आहे. पडलेल्या रोपांची पाने अजून हिरवी आहेत, पण मातीला टेकलेला देठ दोऱ्यासारखा बारीक आणि तपकिरी झाला आहे. ट्रेवर काच ठेवलेली आहे आणि मी सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी घालते. पाणी अपुरे पडत आहे का? उरलेली रोपे वाचवण्यासाठी आज काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

काका (५०१) : ताई, पाणी अपुरे पडत नसून जास्त होत आहे. तुम्ही सांगितलेले लक्षण रोपे कोलमडण्याच्या रोगाचे आहे, ज्याला रोपवाटिकेत डॅम्पिंग ऑफ म्हणतात. पिथियम आणि रायझोक्टोनिया या मातीत राहणाऱ्या रोगकारकांमुळे तो होतो आणि माती सतत ओली, हवा कोंडलेली आणि रोपे दाट असली की तो एका रात्रीत ट्रेभर पसरतो. आजच्या आज ट्रेवरची काच काढा. ती बी रुजेपर्यंतच हवी असते, निम्मे कोंब दिसले की तिचे काम संपते. पडलेली रोपे भोवतालच्या चमचाभर मातीसह उचलून टाकून द्या, खताच्या खड्ड्यात टाकू नका. यापुढे वरून पाणी घालणे पूर्ण बंद करा. ट्रे दोन सेंटिमीटर पाण्यात पंधरा-वीस मिनिटे ठेवावा, मातीचा वरचा थर ओलसर दिसू लागला की बाहेर काढून पाणी निथळू द्यावे आणि तो थर कोरडा पडेपर्यंत पुन्हा पाणी देऊ नये. पडलेले रोप परत उभे राहणार नाही, पण शेजारचे रोप नक्की वाचू शकते.

ताई (३०४) : काच आत्ताच काढली. माझ्या मिश्रणात निम्मे कोकोपीट आणि निम्मे बागेच्या मातीत कालवलेले शेणखत आहे. त्याचाही दोष असेल का?

काका (५०१) : बहुधा आहे. बी उगवण्यासाठी खताची गरज नसते, कारण पहिल्या दिवसांचे अन्न बीमध्येच असते. बागेच्या मातीतून आणि नीट न कुजलेल्या शेणखतातून रोगकारक मात्र ट्रेमध्ये येतात. पुढच्या वेळी कोकोपीट आणि परलाइट (निचऱ्यासाठी वापरतात ते पांढरे, हलके खडे) किंवा धुतलेली जाड वाळू समप्रमाणात घ्या. कार्नेशनचे बी लहान, काळे आणि चपटे असते, एका ग्रॅममध्ये साधारण ५०० बिया मावतात. चिमटीने भुरभुरले तर दाटी झालीच म्हणून समजा, म्हणून मी ओल्या काडीच्या टोकाने एकेक बी उचलून दोन-दोन सेंटिमीटरवर ठेवतो. हे काम कंटाळवाणे आहे, पण पुढची अर्धी काळजी तिथेच मिटते. बीवर तीन मिलिमीटरपेक्षा जास्त थर नको.

तापमानाचेही सांगतो, कारण बहुतेक जण इथे चुकतात. बी रुजण्यासाठी १८ ते २१ अंश सेल्सिअस तापमान चांगले असते आणि त्यात कोंब सात ते चौदा दिवसांत दिसतात. कोंब वर आल्यानंतर मात्र याच रोपांना गारवा हवा असतो. १० ते १५ अंशांच्या आसपासची हवा आणि भरपूर उजेड मिळाला, तर रोप बुटके, जाड आणि निळसर हिरवे होते. ऊब आणि अंधूक प्रकाश एकत्र आले की ते उंच, पांढुरके आणि लुळे होते आणि असेच रोप रोगाला आधी बळी पडते. तुमचा ट्रे सध्या कुठे ठेवला आहे?

ताई (३०४) : स्वयंपाकघरात, ओट्याजवळच्या कोपऱ्यात. ऊब मिळावी म्हणून मुद्दाम तिथे ठेवला होता. आज तो उघड्या खिडकीत हलवते.

दादा (१०३) : काकांच्या अनुभवाबद्दल मला आदर आहे, तरीही एक शंका विचारतो. गुच्छात जी कार्नेशनची फुले मिळतात, ती बियांपासून वाढवलेलीच नसतात. फुलांचा व्यवसाय करणारे लोक छाट कलमांपासूनच, म्हणजे झाडाचे फुटवे कापून मुळे फोडून, रोपे तयार करतात. मग घरच्या बागेत बी पेरून सहा महिने वाट पाहण्यापेक्षा, एखाद्या चांगल्या झाडाचे फुटवे काढून वाळूत लावणे सोपे नाही का? तीन-चार आठवड्यांत मुळे फुटतात आणि फूलही नेमके हवे तेच मिळते.

काका (५०१) : तुमचे म्हणणे खरे आहे आणि ज्याला एकाच रंगाची, एकाच उंचीची फुले हवी आहेत त्याने कलमच लावावे. विल्यम सिम या लाल वाणाचे उदाहरण पाहा. १९३० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील मेन राज्यात तो तयार झाला आणि त्याच्याच फांद्यांवर आपोआप झालेल्या बदलांमधून पांढरे, गुलाबी आणि रेघांचे अनेक वाण निघाले. हा सगळा परिवार कलमांनीच जगभर पसरला, कारण त्याचे बी पेरले असते तर प्रत्येक रोप वेगळे निघाले असते.

पण त्या लांब दांड्याच्या वाणांना जाळीचा आधार, काटेकोर तापमान आणि कळ्यांची निगा लागते आणि कुंडीत ते बहुतेकदा रखडतात. घरच्या बागेसाठी बियांतून वाढणारे वाण वेगळे आहेत. शाबो हा फ्रान्समध्ये घडलेला गट पेरणीपासून साधारण पाच-सहा महिन्यांत फुलतो, लिलिपुट बुटका असल्याने कुंडीला शोभतो आणि ग्रेनाडिन काटक असला तरी त्याचा खरा बहर अनेकदा दुसऱ्या वर्षी येतो. या रोपांना लवंगेसारखा वास असतो, जो गुच्छातील बऱ्याच फुलांमधून हरवला आहे. मला स्वतःला त्या वासासाठीच बी पेरावेसे वाटते. शिवाय कलमाबरोबर आईझाडाचे विषाणू आणि झाड सुकवणारा मर रोग घरात येण्याची भीती असते. बियांमध्ये ती बरीच कमी असते.

४०५ मधील विद्यार्थिनी : काका, बियांतून येणाऱ्या वेगळेपणाबद्दल मला थोडे लिहावेसे वाटते, कारण आमच्या वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासात हे फूल वारंवार येते. लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ मध्ये त्याला डायअँथस कॅरिओफायलस हे शास्त्रीय नाव दिले. त्याआधीच, १७१७ च्या सुमारास, लंडनमधील थॉमस फेअरचाइल्ड या माळ्याने कार्नेशन आणि स्वीट विल्यम या दोन जातींचा संकर केला होता. मुद्दाम घडवलेला पहिला वनस्पती संकर म्हणून तो ओळखला जातो. ते झाड वांझ होते, म्हणून लोक त्याला फेअरचाइल्डचे खेचर म्हणत.

आपल्या उपयोगाची गोष्ट अशी की, कार्नेशनचा दुहेरीपणा, म्हणजे भरपूर पाकळ्या असणे, मुख्यतः एका प्रभावी जनुकावर ठरतो. आपल्याला आवडणाऱ्या नेहमीच्या दुहेरी फुलात त्या जनुकाची एक प्रभावी आणि एक अप्रभावी प्रत असते. अशा झाडाचे स्वपरागणातून मिळालेले बी पेरले, तर सरासरीने चारातील एक रोप पाच पाकळ्यांचे एकेरी फूल देते, दोन नेहमीसारखी दुहेरी निघतात आणि एकाची कळी पाकळ्यांनी इतकी गच्च भरते की ती नीट उमलत नाही. त्यामुळे घरच्या बियांतून एकेरी फूल आले तर बी खराब होते असे समजू नये.

काकू (२०२) : ही माहिती वाचून माझे एक कोडे सुटले. मागच्या हंगामात माझ्या दोन झाडांना पाचच पाकळ्यांची फुले आली होती आणि मी ती झाडे उपटून टाकली. त्याची आता फार हळहळ वाटते, कारण त्या फुलांवर फुलपाखरे येत असत. माझी दुसरी अडचण अशी की, उरलेल्या झाडांच्या कळ्यांखालची हिरवी नळी एका बाजूने फाटते आणि पाकळ्या त्या फटीतून लोंबतात. त्याला काही उपाय आहे का?

काका (५०१) : काकू, आधी एकेरी फुलांबद्दल. पुढच्या वेळी ती झाडे ठेवा. दुहेरी फुलात अनेक पुंकेसरांच्या पाकळ्या झालेल्या असतात, त्यामुळे त्यात पराग कमी असतो. एकेरी फुलात तो भरपूर असतो, म्हणून संकर करून पाहण्यासाठी तेच कामाला येते.

कळी फाटण्यामागे एकच कारण नसते. दिवसा ऊन आणि रात्री कडक गारवा असा मोठा फरक पडला की आतील पाकळ्या नळीच्या वाढीपेक्षा जास्त भरतात. नत्राचा भडिमार आणि बोरॉनची कमतरता यांनीही तेच होते, आणि ४०५ मधील मुलीने सांगितलेली गच्च कळी तर फाटतेच. कळ्या धरू लागल्यावर नत्रयुक्त खत थांबवा, पोटॅश द्या आणि पाणी एक दिवस खूप, तीन दिवस अजिबात नाही, असे देऊ नका. फुलशेती करणारे लोक कळी रंग दाखवू लागली की नळीभोवती बारीक रबर बँड घालतात. घरी चार-सहा फुलांसाठी तो उपाय सहज करता येतो.

दादा (१०३) : मीही एक पाकीट मागवण्याचा विचार करतो आहे. एका जाहिरातीत गडद निळ्या कार्नेशनचे बी दाखवले आहे. ते घ्यावे का?

४०५ मधील विद्यार्थिनी : दादा, कृपया घेऊ नका. निळ्या रंगासाठी लागणारे डेल्फिनिडिन हे रंगद्रव्य कार्नेशनमध्ये तयारच होत नाही, त्यामुळे निव्वळ निवड किंवा संकर करून खरे निळे कार्नेशन मिळत नाही. ऑस्ट्रेलियातील फ्लोरिजीन कंपनीने पेटुनिया या फुलझाडाचे जनुक घालून १९९६ मध्ये मूनडस्ट हे जांभळट कार्नेशन बाजारात आणले, पण तेही कापलेले फूल म्हणून विकले जाते आणि त्याचा रंग निळा नसून जांभळटच आहे. गुच्छात दिसणारे गडद निळे फूल म्हणजे दांडा रंगीत पाण्यात ठेवून रंगवलेले पांढरे फूल असते. पाकिटात बी येईलही, पण फूल चित्रासारखे येणार नाही.

ताई (३०४) : दोन दिवसांनंतरची स्थिती कळवते. काल आणखी दोन रोपे पडली, आज मात्र एकही पडले नाही. २५ रोपे शिल्लक आहेत आणि खिडकीत आल्यापासून त्यांची दुसरी पाने स्पष्ट दिसू लागली आहेत. पुढे काय करायचे, ते एकदा क्रमाने सांगाल का?

काका (५०१) : हे वाचून फार आनंद झाला. खऱ्या पानांच्या, म्हणजे बीतून निघालेल्या पहिल्या दोन पानांनंतर येणाऱ्या पानांच्या, दोन ते तीन जोड्या आल्या की प्रत्येक रोप सात-आठ सेंटिमीटरच्या कुंडीत हलवा. उचलताना देठाला धरू नका, पानाला धरा, कारण पान तुटले तर नवे येते, पण देठ चिरडला तर रोप जाते. ट्रेमध्ये ज्या खोलीवर होते, त्याच खोलीवर लावा. टोमॅटोच्या रोपासारखे खोल गाडण्याची सवय अनेकांना असते, पण कार्नेशनचे खोड मातीत गेले की बुंधा कुजतो. त्याच कारणाने बुंध्याला टेकेल असे पालापाचोळ्याचे आच्छादनही घालू नये.

या वेळेपासून मातीत चांगले कुजलेले खत थोडेसे चालेल, पण निचरा सर्वांत महत्त्वाचा आहे. मूळचे हे भूमध्य समुद्राभोवतालच्या प्रदेशातील झाड आहे, त्याला ऊन आणि खडखडीत मुळे आवडतात. मातीचा सामू (पीएच) ६.५ ते ७.५ च्या दरम्यान असावा. निव्वळ कोकोपीटच्या आंबट मिश्रणात पाने पिवळी पडत असतील, तर कुंडीमागे अर्धा चमचा बागेचा चुना पुरतो. दिवसाला किमान पाच-सहा तास ऊन मिळाले पाहिजे. रोपे कायमच्या जागी लावताना दोन रोपांत २५ ते ३० सेंटिमीटर अंतर ठेवा.

रोपाला पानांच्या सहा-सात जोड्या झाल्या की शेंडा खुडायचा आहे. खालच्या पाच जोड्या ठेवा आणि वरचा भाग गाठीच्या ठिकाणी बाजूला वाकवून मोडा, तो कट्कन तुटतो.

ताई (३०४) : इतक्या कष्टाने वाचवलेल्या रोपाचा शेंडा मोडायला मन धजावत नाही. न खुडल्यास काय होते?

काका (५०१) : तुमची भावना मी समजू शकतो, मीही पहिल्या वर्षी सगळी रोपे तशीच ठेवली होती. प्रत्येकाचा एकच दांडा उंच गेला, त्यावर एक मोठे फूल आले, वाऱ्याने तो आडवा झाला आणि बुंध्यातून नवे फुटवे फार उशिरा निघाले. खुडलेले रोप तीन-चार आठवडे उशिरा फुलते, पण त्याला चार-पाच दांडे येतात आणि झाड जमिनीलगत भरदार होते. हवे असल्यास दहा रोपे खुडा आणि दोन तशीच ठेवा, म्हणजे फरक स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येईल. दिवस मोठे होत जातात तशी कळी लवकर धरते, त्यामुळे दिवस लहान असताना रोपे नुसती पानांनी वाढत राहिली तर घाबरू नका.

कळ्या आल्यावर मोठे फूल हवे असेल तर दांड्यावरच्या बाजूच्या कळ्या वाटाण्याएवढ्या असतानाच काढा, आणि लहान फुलांचा घोस हवा असेल तर फक्त टोकाची कळी काढा. मावा आणि लाल कोळी यांसाठी आठवड्यातून एकदा पाने उलटून पाहणे पुरेसे आहे. झाडाची एकच बाजू पिवळी पडून सुकू लागली आणि खोड कापल्यावर आत तपकिरी रेघ दिसली, तर तो फ्युजेरियमचा मर रोग असतो. त्याला घरगुती औषध नाही. ते झाड मातीसह टाकावे आणि ती माती पुन्हा कार्नेशनसाठी वापरू नये.

काकू (२०२) : फूल कापून घरात ठेवल्यावर काही वेळा दोनच दिवसांत पाकळ्या आत वळून मिटतात, असा माझा अनुभव आहे. ते कशामुळे होते?

४०५ मधील विद्यार्थिनी : काकू, फुलदाणी पिकलेल्या फळांजवळ ठेवली असेल. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू बाहेर पडतो आणि कार्नेशन त्याला अतिशय संवेदनशील असते. फुलदाणी दुसऱ्या खोलीत ठेवली आणि पाणी रोज बदलले, तर फूल दहा दिवसही टिकू शकते.

ताई (३०४) : माझ्या गॅलरीत १२ कुंड्यांनाच पुरेसे ऊन मिळते, त्यामुळे १३ रोपे कुणाला हवी असल्यास आनंदाने देईन. साधारण तीन आठवड्यांनी ती लहान कुंड्यांत लावून झालेली असतील.

काकू (२०२) : मला चार द्यावीत. या वेळी एकेरी निघाले तरी एकही उपटणार नाही.

दादा (१०३) : निळ्या बियांचे पाकीट मी मागवत नाही. ताई, मला तीन रोपे द्या, मी ती माझ्या छाट कलमांच्या शेजारीच लावतो.

काका (५०१) : उरलेली सहा गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या पूर्वेकडील कट्ट्यावर लावू, तिथे दुपारपर्यंत ऊन असते आणि पाणी साचत नाही. ताई, प्रत्येक कुंडीत पेरणीची तारीख लिहिलेली पट्टी खोचा. लहान कुंड्या माझ्याकडे धुऊन ठेवलेल्या आहेत, उद्या संध्याकाळी खाली घेऊन येतो.