बिट तेच असतील तर सीडी विकत का घ्यायची?

मंद्रसप्तक

सीडीवरचा आवाज म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, दोन चॅनल. त्याची फ्लॅक (काहीही न कापता आकार कमी करणारा फॉरमॅट) फाइल केली तर एकही बिट हरवत नाही. ती फाइल नेटवर कुणी ना कुणी वाटतच असतो. मग चकतीच विकत घेणारे अजून का आहेत? कलाकाराला पैसे मिळावेत हे मान्यच, पण ते डाउनलोड विकत घेऊनही देता येतात. 'सीडीचा आवाज उबदार असतो' छापाची उत्तरं कृपया नकोत. मोजून दाखवता येईल असा काय फरक पडतो, तेवढं सांगा. आणि सीडी घेतलीच तर तिच्यातून फाइल नीट कशी काढायची, तेही.

खरखर

तुमच्या प्रश्नातला 'ती फाइल' हा शब्दच कच्चा दुवा आहे. फ्लॅक हा फक्त डबा आहे. १२८ केबीपीएसची एमपी३ उलगडून तिची फ्लॅक केली तरी फाइल फ्लॅकच दिसते, आकारही भरघोस होतो, पण एकदा कापलेलं परत येत नाही. वाटपात फिरणाऱ्या फायलींत हा प्रकार पुष्कळ. काही वेळा मुद्दाम, बहुतेक वेळा अज्ञानातून.

तपासायचं तर स्पेक किंवा ऑडॅसिटी या प्रोग्राममध्ये स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कुठल्या वेळी किती उंच स्वर आहेत याचं चित्र, काढा. सीडीतून थेट आलेल्या आवाजात २२.०५ किलोहर्ट्झपर्यंत जागा असते. १२८ केबीपीएसची एमपी३ साधारण १६-१७ किलोहर्ट्झवर पट्टीने रेघ मारावी तशी कापलेली दिसते; ३२० ची २० च्या आसपास. कापाच्या खाली चौकोनी भोकं दिसली तर संशय पक्का.

पण नुसत्या चित्रावर निकाल देऊ नका. जुन्या टेपवरच्या ध्वनिमुद्रणात वरचे स्वर मुळातच नसतात. तिथे उतार हळूहळू विरत जातो, कडा सरळ नसते. (१५.६ किंवा १५.७ किलोहर्ट्झवर एकच बारीक आडवी रेघ दिसली तर घाबरू नका. स्टुडिओतल्या जुन्या टीव्ही-मॉनिटरची ती शिट्टी असते.)

आणखी एक गैरसमज. फ्लॅकच्या हेडरमध्ये उलगडलेल्या आवाजाचा एमडी५ (पडताळणीचा आकडा) असतो आणि तो जुळला की लोक निश्चिंत होतात. त्यातून फाइल बनल्यानंतर बिघडली नाही, एवढंच कळतं. ती कशापासून बनली, यावर तो काही बोलत नाही. सीडी हातात असली की हा प्रश्नच उरत नाही.

अनाहत

खरखर यांना अनुमोदन. पण फाइल शंभर टक्के अस्सल धरली, तरी ती *कुठल्या* सीडीची, हा त्याहून मोठा प्रश्न आहे.

एकच अल्बम १९८५ ला निघतो, १९९८ ला रीमास्टर होतो, पुढे वर्धापनदिनाची आवृत्ती येते. प्रत्येक वेळी मास्टरिंग, म्हणजे छपाईआधी आवाजावर फिरवलेला शेवटचा हात, वेगळं. नव्वदच्या दशकापासून आवाज जोरकस करण्याची जी चढाओढ लागली, तिच्यात शिखरं दाबून सरासरी पातळी वर चढवली गेली. ऑडॅसिटीत दोन्ही आवृत्त्या एकाखाली एक टाका. जुनीत तबल्याच्या थापा, ड्रमचे ठोके सुयांसारखे वर आलेले दिसतात. नवीत सगळं वर-खाली कापलेल्या विटेसारखं. १६ बिटमध्ये ९६ डेसिबलची जागा आहे, ती वापरायचीच नाही असं ठरवलं तर फॉरमॅट तरी काय करणार?

स्ट्रीमिंगवर बहुधा नवीनच आवृत्ती असते आणि परवाना संपला की तीही जाते. जुनी आवृत्ती हवी तर जुनी चकती शोधावी लागते. नेटवरच्या फाइलला नुसतं अल्बमचं नाव असतं, आवृत्ती लिहिलेली नसते.

चकती ओळखायची ती वेष्टनावरून नव्हे. बारकोड पुनर्मुद्रणातही तोच राहू शकतो. खालच्या बाजूला मधल्या भोकाजवळ आरशासारखं वलय असतं, त्यावरचा मॅट्रिक्स क्रमांक (कारखान्यात कोरलेला) पाहा. १९९४ पासून त्याच भागात आयएफपीआय या ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेचे कोड यायला लागले. ते असतील तर ही प्रत त्याआधीची नाही, कव्हरवर १९८६ छापलेलं असलं तरी.

तळटीप

पुस्तिका विसरलात. साथीला कोण, मुद्रण कधी, कुठल्या स्टुडिओत, ध्वनिअभियंता कोण, गाण्याचे शब्द. फाइलच्या टॅगमध्ये यातलं क्वचितच काही उतरतं, आणि उतरलं तरी कुणी काय टंकलं याचा भरवसा नाही.

दुसरं, सलग वाजणारे अल्बम. एमपी३ची एक चौकट ११५२ सॅम्पलची. गाणं नेमकं तिच्या पटीत बसत नाही, म्हणून सुरुवातीला आणि शेवटी शांतता भरली जाते. किती भरली हे लेम हा एमपी३ बनवणारा एन्कोडर आपल्या हेडरमध्ये लिहितो. दुसऱ्या एन्कोडरने ते लिहिलं नसेल किंवा प्लेअरने वाचलं नाही तर मैफलीतल्या टाळ्या दोन ट्रॅकच्या मध्ये तुटतात. सीडीवर आणि फ्लॅकमध्ये ही भानगड नाही.

चकती_१२०

सगळं खरं, पण सीडीची आरती पुरे. चकतीही मरते.

खालची बाजू म्हणजे १.२ मिलिमीटर पॉलिकार्बोनेट. तिथला चरा घासून काढता येतो. खरा धोका वरून आहे. छपाईच्या बाजूला चकचकीत थरावर फक्त काही मायक्रॉनचा लाखेचा लेप असतो. तिथे ओरखडा पडला तर माहितीच खरवडली जाते, आणि त्यावर इलाज नाही. जुनी सीडी घेताना दिव्यासमोर धरा. एखाद-दुसरं सुईच्या टोकाएवढं छिद्र चालतं, उजेडाची रेघ दिसली तर ठेवून द्या.

इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्न इथल्या पीडीओ कारखान्यात १९८८ ते १९९३ च्या सुमारास निघालेल्या बऱ्याच चकत्या कडेकडून तपकिरी पडत गेल्या. अॅल्युमिनियमऐवजी चांदीचा थर होता आणि पुस्तिकेच्या कागदातल्या गंधकापुढे लेप टिकला नाही. वलयावर 'मेड इन यूके बाय पीडीओ' दिसलं तर कडेचा रंग नीट पाहा.

खालून हिरवट किंवा निळसर झाक असेल तर ती बहुधा घरी जाळलेली सीडी-आर. त्यातला रंग उन्हाने उडतो. छापील चकतीची किंमत तिला देऊ नका.

जुन्या संचांमधले स्पंजाचे तुकडे आधी काढून फेका. ते विरघळून चकतीला चिकटतात.

मंद्रसप्तक

आवृत्तीचा मुद्दा पटला, तो डोक्यातच नव्हता. आता फाइल काढण्याचं सांगा. फोल्डर उघडून गाणी कॉपी केली की झालं, असं नसणार.

खरखर

नाहीच. डेटा सीडीच्या २३५२ बाइटच्या सेक्टरमध्ये २०४८ बाइट माहिती आणि बाकीत पत्ता व दुरुस्तीचा जास्तीचा थर असतो. ऑडिओ सीडीवर ते सगळे २३५२ बाइट आवाजालाच दिलेले, सेकंदाला ७५ सेक्टर. दुरुस्ती आहे, पण एकाच पातळीची. ट्रॅकच्या दिशेने साधारण अडीच मिलिमीटरपर्यंतची सलग चूक ती पूर्ण भरून काढते. त्यापुढे आजूबाजूच्या सॅम्पलवरून अंदाज बांधला जातो. ऐकताना कळत नाही, फाइलमध्ये मात्र तो अंदाज कायमचा बसतो.

म्हणून असं करा:

१. विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, मॅकवर एक्सएलडी, लिनक्सवर व्हिपर. बर्स्ट मोड (एकदाच भराभर वाचणारा) नको, सिक्युअर घ्या. त्यात प्रत्येक सेक्टर किमान दोनदा वाचला जातो. जुळला नाही तर १६-१६ वेळा, आणि १६ पैकी ८ वाचनं जुळली तरच तो स्वीकारला जातो.

२. ड्राइव्ह कॅश करतो का, म्हणजे वाचलेलं स्वतःच्या स्मृतीत साठवतो का, ते प्रोग्रामकडून तपासून घ्या. करत असेल तर ती सेटिंग चालू ठेवा. नाहीतर दुसरं वाचन चकतीवरून न होता कॅशमधून येतं आणि चूक स्वतःशीच जुळते! सी२ ची सोय (ड्राइव्हने स्वतः चुका कळवणं) ड्राइव्ह खरोखर नीट देत असेल तरच वापरा.

३. ऑफसेट लावा. ड्राइव्ह नेमक्या सॅम्पलवर सुरुवात करत नाही, थोडा मागेपुढे करतो. प्रत्येक मॉडेलचा आकडा ठरलेला: कुणाचा +६, कुणाचा +६६७. ६६७ म्हणजे १५ मिलिसेकंद, कानाला शून्य फरक. पण अॅक्युरेटरिपशी (इतरांनी काढलेल्या फायलींच्या पडताळणी-आकड्यांचा नेटवरचा साठा) पडताळायचं तर हा आकडा बरोबर हवा.

४. 'टेस्ट अँड कॉपी' चालवा. दोन्ही वेळचा सीआरसी (पडताळणीचा आकडा) जुळला, आणि अॅक्युरेटरिपनेही इतरांच्या चकत्यांशी जुळल्याचं सांगितलं, तर विषय संपला. वेगवेगळ्या ड्राइव्हवरच्या वेगवेगळ्या प्रती एकाच जागी एकसारख्या चुकत नाहीत. मात्र तुमची आवृत्ती दुर्मीळ असेल तर नोंदच सापडणार नाही. तेव्हा टेस्ट अँड कॉपीवर भिस्त.

५. फ्लॅकची दाबण्याची पातळी ५ ठेवा किंवा ८, आवाज तोच. तासाभराची सीडी ६३५ एमबीची. फ्लॅक सहसा निम्म्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत. लॉग (वाचनाचा अहवाल) आणि क्यू शीट (ट्रॅकची मांडणी लिहिलेली फाइल) फाइलसोबतच ठेवा, आणि आणखी एक प्रत दुसऱ्या डिस्कवर.

चकती_१२०

पुसण्याचंही सांगून टाकतो, कारण नेमकं तिथेच लोक वाट लावतात. मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसा. गोल गोल पुसलंत आणि चरा पडला तर तो ट्रॅकच्या दिशेने पडतो, म्हणजे वर सांगितलेले अडीच मिलिमीटर क्षणात ओलांडले. आडवा चरा लांब असला तरी प्रत्येक फेरीत ट्रॅकला फक्त छेदून जातो. टूथपेस्टचे प्रयोग करू नका.

मंद्रसप्तक

एक शंका. ऐंशीच्या दशकातली एक सीडी अॅक्युरेटरिपशी जुळते, तरी फाइलचा आवाज टोकदार, झांजा कर्कश. तीच चकती जुन्या सीडी प्लेअरवर छान वाजते. मग चूक कुठे?

अनाहत

प्री-एम्फसिस. सुरुवातीच्या काही चकत्यांवर वरचे स्वर मुद्दाम चढवून मुद्रित केले, २० किलोहर्ट्झजवळ साधारण १० डेसिबल. तसा ध्वज चकतीवर असतो, तो पाहून प्लेअर वाजवताना तेवढं उतरवतो. रिप करताना (चकतीतून फाइल काढताना) बिट जसेच्या तसे येतात, उतरवणारं कुणी नसतं. तुमची फाइल चुकलेली नाही, अर्धवट आहे. आधी क्यू शीटमध्ये ट्रॅकखाली 'फ्लॅग्ज पीआरई' आहे का पाहा. काही चकत्यांत हा ध्वज फक्त सबकोडमध्ये (आवाजासोबत चालणाऱ्या जादा माहितीत) असतो, चकतीच्या अनुक्रमणिकेत नाही, म्हणून क्यू शीटमध्ये नसला तरी शंका सोडू नका. मूळ फ्लॅक तशीच ठेवा आणि सॉक्स या ध्वनिप्रक्रियेच्या प्रोग्रामच्या 'डीएम्फ' इफेक्टने ऐकायची वेगळी प्रत काढा.