भारतीय फुटबॉल संघाने मैत्रीपूर्ण सामने कुठे खेळावेत?

जुना बचावपटू (धागाकर्ता)

आशिया चषकासारख्या स्पर्धांच्या पात्रता फेरीच्या सामन्यांचे वेळापत्रक आपल्या हातात नसते. मैत्रीपूर्ण सामना कोणाशी आणि कुठे खेळायचा, हे मात्र बऱ्याच अंशी अखिल भारतीय फुटबॉल महासंघच ठरवतो, आणि म्हणूनच त्या निर्णयामागे काही धोरण दिसावे ही अपेक्षा गैर नाही. हे सामने शक्यतो मायदेशातच आणि दर वेळी वेगळ्या गावी व्हावेत, असे माझे मत आहे. गाव निवडताना तिथले स्टेडियम किती मोठे आहे हे नंतर पाहावे. तिथे फुटबॉल पाहणारा माणूस राहतो का, हे आधी विचारावे.

मुंबईचे उदाहरण पाहा. सप्टेंबर २०१६ मध्ये अंधेरीला भारताने पोर्तो रिकोला ४-१ असे हरवले, तेव्हा या शहरात तब्बल ६१ वर्षांनी आंतरराष्ट्रीय सामना झाला होता. त्याच मैदानावर जून २०१८ मध्ये चायनीज तैपेईविरुद्ध कर्णधार सुनील छेत्रीने तीन गोल केले, संघ ५-० असा जिंकला, आणि ते पाहायला जेमतेम अडीच हजार लोक होते. दुसऱ्या दिवशी छेत्रीने चित्रफितीतून अक्षरशः हात जोडले, तेव्हा कुठे त्याच्या शंभराव्या सामन्याची, म्हणजे केनियाविरुद्धच्या लढतीची, सगळी तिकिटे खपली. भर पावसात भारत ३-० असा जिंकला, त्या रात्री मी तिथे होतो. आनंद झालाच, पण कर्णधाराला अशी विनवणी करावी लागली ही सल अजून गेलेली नाही.

आता इम्फाळ पाहा. मार्च २०२३ मध्ये म्यानमार आणि किर्गिझस्तान यांच्याविरुद्धच्या सामन्यांना तिथे कोणालाही आमंत्रण द्यावे लागले नाही. ज्या मणिपूरने राष्ट्रीय संघाला इतके खेळाडू दिले, त्याला आपला संघ घरच्या अंगणात पाहण्यासाठी २०२३ साल उजाडावे लागले, आणि शिलाँगला तर २०२५.

सराव आधी

धागाकर्त्यांचा हेतू चांगला असला, तरी त्यांनी संघाची पालखीच करून ती गावोगाव फिरवायची ठरवली आहे, असे वाटते. मैत्रीपूर्ण सामना ही तालीम आहे. तालमीला प्रेक्षक असले तर उत्तम, पण समोरचा पैलवान आपल्यापेक्षा बलवान असणे त्याहून महत्त्वाचे, आणि असे पैलवान आपल्या आखाड्यात सहसा येत नाहीत. आपल्यालाच त्यांच्याकडे जावे लागते.

२०२२ च्या मार्चमध्ये संघ बहरीनला गेला आणि यजमानांकडून व बेलारूसकडून हरला. मे महिन्यात दोह्यात जॉर्डननेही हरवले. जूनमध्ये कोलकात्यात पात्रता फेरी सुरू झाली, तेव्हा त्याच संघाने कंबोडिया, अफगाणिस्तान आणि हाँगकाँग या तिघांनाही हरवले, शेवटच्या संघाला तर ४-० असे. उलट मार्च २०२५ मध्ये शिलाँगला मालदीवविरुद्ध ३-० असा विजय मिळाला, सर्वांनी टाळ्या वाजवल्या, आणि सहाच दिवसांनी त्याच मैदानावर बांगलादेशविरुद्धच्या पात्रता सामन्यात आपल्याला एकही गोल करता आला नाही. शिवाय २०१८ पासून लागू असलेल्या फिफाच्या क्रमवारीच्या सूत्रात सामना घरी झाला की परक्या मैदानावर, याने गुणांत काहीच फरक पडत नाही. फरक पडतो तो प्रतिस्पर्ध्याच्या ताकदीने.

फातोर्ड्याचा शेजारी

शिलाँगचे उदाहरण आपण उलटे वाचले आहे, असे नम्रपणे सांगतो. ज्या मैदानावर पात्रता सामना व्हायचा आहे तिथेच आधी मैत्रीपूर्ण सामना घेणे, हे महासंघाने गेल्या काही वर्षांत केलेले सर्वांत शहाणपणाचे नियोजन होते. निकाल फसला, पण म्हणून नियोजन चुकले असे होत नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये आमच्या मडगावात सिंगापूरविरुद्धचा पात्रता सामना झाला. आपल्या छांगतेने सुरुवातीलाच गोल केल्यावर फातोर्ड्याच्या स्टेडियमात जो आवाज झाला तो रस्त्यापलीकडे ऐकू आला, आणि तरीही आपण २-१ असे हरलो. त्याआधीच्या महिन्यात हाच संघ ताजिकिस्तानातल्या स्पर्धेत ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा आला होता. म्हणजे बाहेर जाऊन घेतलेली तालीमही घरी कामी येईलच असे नाही.

माझा आग्रह प्रेक्षकांपेक्षा गवताचा आहे. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाचा उपांत्य सामना पावसाने मैदान खराब झाल्यामुळे गुवाहाटीहून ऐन वेळी कोलकात्याला हलवावा लागला होता. दर वेळी नवे गाव शोधायचे म्हटले, तर त्या मैदानाची वर्षभर निगा कोण राखणार?

जुना बचावपटू

गवताचा मुद्दा मान्य. ‘दर वेळी वेगळे गाव’ हे मी मागे घेतो आणि पाच-सहा ठरलेली मैदाने, असे म्हणतो. ‘सराव आधी’ यांचे म्हणणे मात्र अर्धेच पटते. मार्च २०२१ मध्ये दुबईत अमिरातीने आपल्याला ६-० असे हरवले, त्यातून संघ काय शिकला हे कोणी समजावून सांगावे. जून २०२५ मध्येही थायलंडमध्ये २-० असे हरून आपण तसेच पात्रता सामन्यासाठी हाँगकाँगला गेलो आणि तिथे १-० असे हरलो. बलवान प्रतिस्पर्धी हवाच, पण तो इथे येत नाही याचे कारण आपण त्याला बोलावण्यावर खर्च करत नाही, हेही असू शकेल.

सराव आधी

खर्च करायचा म्हटला, तर २०११ मध्ये कोलकात्याला मेस्सीचा अर्जेंटिना संघ येऊन व्हेनेझुएलाशी खेळून गेलाच होता. आपला संघ मात्र त्या मैदानात नव्हता, हे विसरू नये. तरीही एक तडजोड सुचवतो. पात्रता सामना जिथे असेल तिथेच आठवडाभर आधी एक मैत्रीपूर्ण सामना व्हावा, आणि उरलेले सगळे बाहेर. अंधेरीला पुन्हा जूनमध्ये असा सामना ठरला, तर मीही छत्री घेऊन येईन. फक्त समोर मालदीव नसावा.