कल्हट्टीपेक्षा गुडलूरचा रस्ता बरा

गाडीने उटीला जाताना बंदीपूर-मुदुमलैचं जंगल ओलांडल्यावर मसिनगुडीवरून उटी गाठा, गुडलूरच्या रस्त्यापेक्षा अंतर जवळपास निम्मं होतं, असं या चर्चेत कुणीतरी सुचवलंय. अंतराचं खरं आहे. पण त्या वाटेवरच्या कल्हट्टी घाटात ३६ हेअरपिन वळणं आहेत आणि चढ असा अंगावर येतो की भरलेली सात सीटर पहिल्या गिअरमध्येही कण्हत राहते. आजी-आजोबा आणि उलटीवाली पोरं बरोबर असतील तर सरळ गुडलूरवरून जा. वेळ जास्त लागतो, पण वाटेत पायकाऱ्याच्या तलावाशी थांबता येतं, पोरांचे पाय मोकळे होतात. परतताना तर प्रश्नच नाही, बाहेरच्या गाड्यांना कल्हट्टीने खाली उतरू देत नाहीत. उतारावर ब्रेक तापून बरेच अपघात झालेत तिथे.

रात्री ९ ते सकाळी ६ बंदीपूरचा रस्ता बंद असतो हे चर्चेत आलंच आहे. राहिलं ते ई-पासचं, म्हणजे ऑनलाइन काढायच्या प्रवेश परवान्याचं. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार मे २०२४ पासून उटी आणि कोडाईकनालला बाहेरच्या गाड्यांना तो लागतो. फुकट आहे, पण घरूनच काढा, जंगलात रेंजची बोंब. आणि पाण्याच्या बिसलेरी छाप बाटल्या नकोत! निलगिरी जिल्ह्यात त्यांना बंदी आहे. आमच्या डिकीतून चिवड्याच्या डब्याखाली दडलेल्यासुद्धा नाक्यावर शोधून काढल्या. स्टीलच्या बाटल्या न्या, उटीत पाण्याची एटीएम, म्हणजे बाटली भरून घ्यायची यंत्रं आहेत.