मदत हवी आहे: जुने, मोड आलेले बारके बटाटे बेणं म्हणून चालतील का? (इंदूर)

गच्चीवाला_इंदूर:
नमस्कार मंडळी. घरात किलोभर बटाटे उरलेत, सगळे लिंबाएवढे किंवा त्याहून लहान. साल सुरकुतली आहे. काहींना जाड, जांभळट, पेरभर मोड आहेत, तर पोत्याच्या तळाशी राहिलेल्यांना वीतभर पांढरे कोंब. गच्चीवर 15 इंची ग्रो बॅग आहेत, माती आपली काळीच. कापून लावू की अख्खे? लांब कोंबांचं काय करू? ऑक्टोबर लागलाच आहे, आत्ता लावले तर?

वाफसा:
अख्खेच लावा. 50-60 ग्रॅमच्या खालचा बटाटा कापायचा नसतो. तुकड्यात कोंबाला पोसण्यापुरता ऐवज उरत नाही आणि काळ्या मातीत कापलेली बाजू आधी कुजते. सुरकुत्यांचं काही नाही, अंगठ्याने दाबून बघा. घट्ट, लवचीक लागला तर ठीक. बोट आत रुतलं, पाणी सुटलं किंवा वास आला तर फेका. एक-दोन बटाटे आडवे कापूनही बघा. आत सालीलगत तपकिरी वलय दिसलं आणि दाबल्यावर त्यातून पांढुरका चिकट द्रव आला, तर तो जिवाणूंचा मर रोग. मग एकही लावू नका, ती माती टोमॅटो-वांग्यालाही नडेल.

आत्ता मात्र घाई नको. रात्रीचं तापमान 20 अंशांच्या खाली उतरल्याशिवाय बटाटा नीट धरत नाही, आणि गरम ओल्या मातीत जुनं बेणं लवकर सडतं. तोवर खोक्यात एकच थर पसरून खिडकीपाशी ठेवा, उजेड हवा, ऊन नको. दहा-बारा दिवसांत मोड आखूड, हिरवे आणि टणक होतात, लावताना तुटत नाहीत.

काळीमाती:
सगळे कोंब खुडून टाका हो, नवे जोमदार येतात!

वाफसा:
हे कोवळ्या बेण्याला लागू. टोकाला एकच मोड असेल तर तो खुडल्यावर बाजूचे डोळे जागे होतात. इथे सगळे डोळे आधीच फुटलेत. आता खुडलं की बटाट्यातली रसद पुन्हा खर्ची पडणार आणि येतील ते दोऱ्यासारखे कोंब. दोऱ्यासारखेच कोंब आधीपासून असतील तर तो बटाटा बाद. वीतभर पांढरे कोंब मोडू नका, बटाटा आडवा ठेवून कोंब मातीत निजवा आणि फक्त शेंडा वर येऊ द्या. एखादा तुटलाच तर तुटला.

गच्चीवाला_इंदूर:
मातीचं प्रमाण आणि पाणी?

वाफसा:
एक भाग काळी माती, एक भाग कुजलेलं शेणखत, अर्धा भाग जाड वाळू. ताजं शेण अजिबात नको. बॅगेला तळाशी भोकं हवीत. अर्धी बॅग भरा, दोन बटाटे (सुपारीएवढे असतील तर तीन) मोड वर करून ठेवा आणि वर दोन-अडीच इंच माती टाका. पहिलं पाणी हलकं द्या, उगवेपर्यंत माती नुसती ओलसर ठेवा. बहुतेक बेणं याच टप्प्यात पाण्याने मरतं.

रोपं वीतभर झाली की मातीची भर द्या, पंधरा दिवसांनी पुन्हा. उघडा पडलेला बटाटा हिरवा होतो, तो खायचा नाही. बटाटे पोसत असताना पाण्यात खंड पाडू नका, एकदम तुंबवूही नका, बटाटे तडकतात. युरियाचा मोह टाळा, नाहीतर नुसता पाला येईल.

काळीमाती:
नोव्हेंबरअखेर लावले तर?

वाफसा:
अशा म्हाताऱ्या बेण्याला नको. थंड मातीत पान न फुटता कोंबावरच हरभऱ्याएवढे गोटे धरतात. सराफ्यात (आपल्या इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात) गराडू, म्हणजे थंडीतले तळलेले कंद, दिसू लागतील तोवर रोपं वर आलेली हवीत. अशा बेण्याचं पीक लवकर पिकतं, साधारण 75-80 दिवसांत. पाला पिवळा पडला की पाणी बंद करा आणि आठ-दहा दिवसांनी काढा. बॅगेला अर्धा किलो निघाला तरी चांगलं म्हणायचं.

पानं आखडलेली, चट्ट्यापट्ट्यांची दिसली तर विषाणू, ते झाड मुळासकट उपटा. मावा तोच रोग शेजारच्या बॅगेत नेतो. यातले बटाटे पुढच्या वर्षी बेण्याला ठेवू नका, खाऊन टाका.

गच्चीवाला_इंदूर:
खोकं आजच खिडकीशी लावतो. दोऱ्यासारखे कोंबवाले चार-पाच निघाले, ते कंपोस्टमध्ये टाकू ना?

वाफसा:
चालेल, पण आधी चिरून टाका. नाहीतर ढिगातच उगवून बसतील.