‘अपृष्ठवंशी’ की ‘कणाहीन’? आणि मखमली किड्याचं काय करायचं?

गोदाकाठची
नाशिकरोडच्या एका शाळेत गोगलगायी, जळवा, वाणी, गोम असल्या दुर्लक्षित प्राण्यांचं छोटं प्रदर्शन मांडतोय. पाट्या मराठीत लिहायचं काम माझ्याकडे आलं आणि पहिल्याच पाटीवर अडले. ‘अपृष्ठवंशी’ लिहिलं तर पाचवीतल्या एकीने विचारलं, “ताई, ह्यांना वंश नसतो का?” ‘कणाहीन’ लिहावं तर ती शिवी वाटते. त्यातून नाशिकमध्ये कणा म्हटलं की लोकांना आधी कविता आठवते, प्राणी नाही. काय लिहू?

निवृत्त मास्तर
मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या. ह्यातला वंश म्हणजे कुळ नव्हे, वेळू. संस्कृतात वंश म्हणजे बांबू. बासरीला वंशी म्हणतात ती त्यावरूनच. मणक्यावर मणका चढलेला, बांबूच्या पेरांसारखा, म्हणून पाठीतला बांबू तो पृष्ठवंश. पाटीशेजारी बांबूचा तुकडा ठेवा, शब्द आपोआप समजेल.

मला खुपतं ते वेगळंच. ‘अ’ लावून केलेलं नाव म्हणजे अंगात काय नाही ते सांगणारं नाव. पण ही खोड मराठीची नाही. सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनीअसने ह्या सगळ्यांना कीटक आणि कृमी अशा दोनच पेट्यांत कोंबलं होतं. लामार्क मूळचा वनस्पतींचा माणूस. पॅरिसच्या संग्रहालयात त्याच्या गळ्यात ह्या पेट्या पडल्या, त्याने त्या नीट उपसल्या आणि 1801 साली ‘कणा नसलेले प्राणी’ असंच नाव छापलं. ज्ञात प्राण्यांच्या शंभरातल्या पंचाण्णवांहून जास्त जाती ह्यात येतात. नियम त्यांचा, अपवाद आपण, आणि नाव मात्र आपल्याकडे बघून दिलेलं!

सूक्ष्मदर्शी
मास्तर, एक भर. दहावीच्या पुस्तकात ‘असमपृष्ठरज्जू’, म्हणजे पृष्ठरज्जू नसलेले, हा शब्द आहे. पुष्कळ जण तो ‘अपृष्ठवंशी’चाच भाऊ समजतात. तसं नाही. पृष्ठरज्जू ही पाठीतली लवचीक दोरी, कणा नंतरचा. (मेरुरज्जू आणखी वेगळा, तो मज्जातंतूंचा. परीक्षेत हमखास गोंधळ.) हर्डमानिया बघा. समुद्रात दगडाला चिकटून बसतो, दाबला की पाण्याची पिचकारी मारतो. कणा नाही, डोकं म्हणावं असंही काही नाही, कोणीही त्याला वनस्पतीच म्हणेल. पण ह्या गटातली पिल्लं बेडूकमाशासारखी पोहतात आणि त्यांच्या शेपटीत पृष्ठरज्जू असतो. कोवालेव्हस्की ह्या रशियन शास्त्रज्ञाने 1866 मध्ये हे दाखवून दिलं. पिल्लू एकदा दगडाला चिकटलं की शेपूट जिरते आणि दोरीही जाते. म्हणजे हा प्राणी अपृष्ठवंशी आहे, पण असमपृष्ठरज्जू नाही. जनुकांच्या तुलनेत तर कणावाल्यांचे सगळ्यांत जवळचे नातेवाईक हेच पिचकारीवाले निघाले.

द्राक्षवाला, निफाड
आम्हाला एवढं कळत नाही, पण मुळांना गाठी आल्या की आम्ही ‘सूत्रकृमी’ म्हणतो. दुकानदार ‘निमॅटोड’ म्हणतो. शाळेच्या पुस्तकात ‘गोलकृमी’. तिन्ही एकच ना?

सूक्ष्मदर्शी
एकच, दादा. गोल हा आडव्या छेदावरून, सूत्र हे दोऱ्यासारख्या लांबीवरून. तुमचा शब्द मला जास्त आवडतो. चपटकृमी, गोलकृमी आणि गांडुळासारखे वलयी, तिघांनाही आपण कृमी म्हणतो, पण गोलकृमी गांडुळापेक्षा किड्यांना जवळचा, कारण दोघेही कात टाकतात.

गोदाकाठची
किड्यांवरून आठवलं. ‘व्हेल्वेट वर्म’साठी मी ‘मखमली किडा’ लिहिलंय. चालेल?

निवृत्त मास्तर
अजिबात नको! मृग लागला, पहिला पाऊस पडला की बांधावर लालभडक मखमली ठिपके चालायला लागतात, तो मृगाचा किडा. मखमली किडा म्हटलं की इथल्या माणसाच्या डोळ्यांपुढे तोच येणार. त्याला आठ पाय, म्हणजे तो किडा खरा पण कीटक नव्हे. कीटक सहा पायांचे. बोलीतला ‘किडा’ ऐसपैस आहे, त्यात सगळे मावतात. शास्त्राने त्याच शब्दाचा संस्कृत अवतार घेऊन दार मात्र अरुंद केलं.

सूक्ष्मदर्शी
शिवाय ताईंचा ‘व्हेल्वेट वर्म’ हा वर्म म्हणजे कृमीही नाही. त्याला जोडीजोडीने आखूड, गुबगुबीत पाय असतात आणि प्रत्येक पायाला नख्या. शास्त्रीय नावाचा अर्थच ‘नखं बाळगणारा’, म्हणून ‘नखधारी’ सुचवतो. 1826 मध्ये पहिलं वर्णन करणाऱ्याने त्याला शंख नसलेली गोगलगाय समजून मृदुकायांत टाकलं होतं. प्रत्यक्षात तो संधिपादांचा, म्हणजे कीटक, कोळी, खेकडे ह्यांचा, चुलत भाऊ. तोंडाजवळून चिकट द्राव फेकून भक्ष्याला जागीच खिळवतो. आपल्या देशात अरुणाचलच्या सियांग खोऱ्यात सापडतो.

गोदाकाठची
बरं, नखधारी. शेवटचा: टार्डिग्रेड. ‘जलअस्वल’ लिहिलंय.

निवृत्त मास्तर
पाणकोंबडी, पाणमांजर, पाणघोडा म्हणतो ना आपण? मग पाणअस्वल. ‘जल’ लावलं की सरकारी योजनेचं नाव वाटतं.

सूक्ष्मदर्शी
पाणअस्वलाला माझं मत. 1773 मध्ये जर्मनीत गोत्सेनेही त्याला ‘छोटं पाणअस्वल’च म्हटलं होतं. टार्डिग्रेड म्हणजे मंदगामी, हा अर्थ नंतरचा, स्पालान्झानी ह्या इटालियन शास्त्रज्ञाने दिलेल्या नावातला. आठ पाय, आकार बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आत. वाळला की पाय आत ओढून पिंपासारखा होतो आणि पाणी मिळालं की पुन्हा चालायला लागतो. ताई, मुलांना चित्र दाखवू नका, जिवंत दाखवा. जुन्या भिंतीवरचं शेवाळ रात्रभर पाण्यात भिजवायचं, सकाळी पिळायचं आणि ते पाणी सूक्ष्मदर्शकाखाली. दरवेळी सापडेलच असं नाही. दोन-तीन ठिकाणचं शेवाळ घ्या.

गोदाकाठची
पंचवटीतल्या आमच्या वाड्याची मागची भिंत हिरवीगार आहे, तिथून घेते. पहिल्या पाटीवर सरळ ‘कणा नसलेले प्राणी’ लिहिलं. खाली लहान अक्षरात अपृष्ठवंशी, आणि शेजारी बांबू.

द्राक्षवाला, निफाड
आमच्या विहिरीच्या कठड्यावर पण आहे शेवाळ. रविवारी नाशिकला येतोय, डब्यात घालून आणू का?